काळ्या जमिनीतलं घर आणि उधळी: ड्रिल, फवारा की आमिष?

दारव्हा_कडचा
नमस्कार मंडळी. घराला उधळी, म्हणजे वाळवी लागली. घर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, भारी काळ्या जमिनीवर. पुढच्या तीन खोल्या विटा-सिमेंटच्या, एका ओळीत, प्रत्येक १० बाय २० फूट, खाली शहाबादी फरशी. मागचं माजघर अन् सैपाकघर पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, वर सागाच्या बल्ल्या आणि कवेलू, जमीन शेणानं सारवलेली. मधल्या खोलीची चौकट बोटानं दाबली तर आत जाते, वरचा रंग मात्र जसाच्या तसा आहे. मागच्या भिंतीवर मातीच्या नळ्या थेट बल्लीपर्यंत गेल्या. विहीर मागच्या भिंतीपासून १२ फुटांवर.

तिघांनी तीन उपाय सांगितले. एक म्हणतो फरशीला ड्रिल मारून क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सोडू. दुसरा म्हणतो ड्रिलची गरज नाही, इमिडाक्लोप्रिडचा फवारा पुरे. तिसरा आमिषाचे, म्हणजे विषारी खाद्याचे डबे लावतो म्हणतो. नेमकं काय करावं?

सागवान_मिस्त्री
भाऊ, आधी लाकूड कोण खातंय ते पक्कं करा, औषध त्यावर ठरतं. चौकटीचा पोकळ भाग पटाशीनं उघडा. आत ओलसर माती भरलेली असेल आणि लाकूड रेषेरेषेनं पोखरलेलं असेल, तर ती जमिनीतून येणारी उधळी. माती अजिबात नाही, उलट खसखशीसारखे कोरडे टणक दाणे खाली पडतात, तर ती लाकडातच राहणारी कोरडी वाळवी. तिच्यासाठी जमिनीत औषध ओतणं म्हणजे पैसे मातीत. आणि मैद्यासारखी भुकटी, टाचणीएवढी गोल भोकं असतील तर तो घुण, बांबूत जास्त दिसतो.

तुमच्याकडे नळ्या आहेत, म्हणजे जमिनीतलीच. पण नळ्या आत्ताच खरवडून टाकू नका. एका नळीचा बोटभर तुकडा फोडा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. पुन्हा लिंपली असेल तर ये-जा सुरू आहे. औषध पडेपर्यंत बाकीच्या नळ्या तशाच असू द्या, नाहीतर ती दुसरीकडून वाट काढते आणि शोधत बसावं लागतं.

मुरूम_आणि_चुना
दारव्हेकर भाऊ, नुसता फवारा सोडून द्या. भिंतीवर फवारलं की दिसतात तेवढ्या मरतात, राणी जमिनीत खाली सुखरूप राहते. आमिषही तुमच्याकडे मी सुचवणार नाही. आपल्याकडे वारुळं करणारी जी उधळी आहे ती जमिनीखाली बुरशीची शेती करते आणि आमिषातला कागदी लगदा नीट उचलत नाही. शिवाय डबे महिनोन्‌महिने तपासत राहावे लागतात. गावात तो माणूस दर महिन्याला येईल का?

राहिलं ड्रिल. पद्धत त्या पहिल्या माणसाची घ्या, औषध दुसऱ्याचं. क्लोरपायरीफॉस लवकर मारतं, पण वासाला उग्र, आणि औषधाच्या पट्ट्यात कुठे फट राहिली की उधळी तिथूनच आत येते. बांधून झालेल्या घरात फट राहतेच. इमिडाक्लोप्रिड तिला कळत नाही. ती त्यातून चालत जाते, हळू मरते आणि मरेपर्यंत अंगावरचं औषध दुसऱ्यांना लावते.

बांधलेल्या घरांसाठी भारतीय मानक आयएस ६३१३ चा भाग ३ आहे. आत, भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या रेषेत दर ३० सेंमीवर १२ मिमीचं भोक, प्रत्येक भोकात जास्तीत जास्त १ लिटर. तुमच्या तीन खोल्यांचा आतला घेर प्रत्येकी ६० फूट, एकूण १८० फूट. म्हणजे साधारण १८० भोकं, १८० लिटर. बाहेर तीन उघड्या बाजूंना ७० फूट, म्हणजे २१ मीटर. तिथे भिंतीला लागून ३० सेंमी खोल चर घ्या आणि पायाच्या उभ्या भागाला दर चौरस मीटरला ७.५ लिटर द्या, ते होतं ४८ लिटर. एकूण २३० लिटर द्रावण धरा.

इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी (पाण्यात कालवायचं घट्ट औषध) लिटरला २.१ मिली लागतं, म्हणजे २३० लिटरला सुमारे ४८५ मिली. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी (पाण्यात दुधाळ होणारं तेलकट औषध) घेतलं तर १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी, म्हणजे तेवढ्याच कामाला साडेअकरा लिटर औषध. ठेकेदार जर एवढ्या घराला लिटर-दोन लिटरच क्लोरपायरीफॉस घेऊन आला, तर तो पाणीच सोडणार आहे. डबा तुमच्यासमोर उघडायला लावा. कृषी केंद्रात तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिडचंच १७.८ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं) मिळतं, ते यासाठी नाही. लेबलवर इमारतीतल्या वाळवीचा उल्लेख पाहा.

काम बिघडतं ते इथे: ड्रिलची बिट आखूड असते. भोक फरशी आणि तिच्याखालचा कोबा पार करून भरावाच्या मातीत गेलं पाहिजे. नाहीतर औषध शहाबादीच्या खालच्या वाळूत पसरतं आणि दुसऱ्या जोडातून वर येतं. बिट बाहेर काढल्यावर टोकाला माती चिकटलेली दिसली तर भोक पोचलं. फक्त सिमेंटची पांढरी भुकटी असेल तर अजून खाली जा. मगानं ओतू नका, पंपाच्या नळीनं दाब देऊन सोडा. भोक लगेच भरून वर आलं तर थांबा, अर्ध्या तासानं उरलेलं द्या. शेवटी सिमेंटनं बुजवा.

दारव्हा_कडचा
मुरूमभाऊ, हिशेबासाठी आभारी आहो. मागच्या मातीच्या भिंतीलाही असंच ड्रिल मारायचं का? आणि विहिरीचं काय?

मुरूम_आणि_चुना
मातीच्या भिंतीत ड्रिल नको. भोकाला लिटरभर पाणी पडलं की पांढरी माती आतून भिजते, फुगते आणि वर बल्ल्यांचं वजन असतं. तिथे फक्त जमिनीला द्या. सारवलेल्या जमिनीत भिंतीपासून चार बोटं सोडून, फूटभर अंतरावर सब्बलनं दीड फुटाची भोकं करा. एकदम लिटर न ओतता पाव-पाव लिटर तीन-चार वेळा, मध्ये मुरायला वेळ देऊन.

विहिरीच्या बाजूला सब्बलही नको, पंपही नको. काळ्या मातीतल्या भेगेतून औषध सरळ झिऱ्यात जाऊ शकतं. त्या बाजूची चरातली माती काढून प्लास्टिकच्या ताडपत्रीवर पसरा, तिथेच द्रावण शिंपडून फावड्यानं कालवा, ओलसर झाली की परत भरून चोपा. पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी हे काम करू नका.

सागवान_मिस्त्री
चौकटीचं सांगतो. साग आहे म्हणून उधळी लागत नाही असं नाही. गाभ्याचं तपकिरी लाकूड टिकतं, कडेचं पांढरं लाकूड ती खाते, आणि कोवळ्या सागात पांढरंच जास्त असतं. गाभा शाबूत असेल तर चौकट वाचते.

भिंत आणि चौकट मिळतात तिथे दर १५ सेंमीवर ६ मिमीचं भोक, खाली ४५ अंशात तिरकं. लाकडात पाण्यातलं औषध नीट मुरत नाही, तेलातलं जातं. क्लोरपायरीफॉस २० ईसी १ भाग, केरोसीन १९ भाग. इमिडाक्लोप्रिड एससी केरोसीनमध्ये मिसळू नका, ते पाण्यातलं औषध आहे, गाठी होऊन तळाशी बसतं. मोठ्या सिरिंजनं हळूहळू सोडा, भोकाला अर्धा लिटरपर्यंत. दुसरीकडून गळायला लागलं की बस. बल्ल्यांची भिंतीत शिरणारी टोकं आधी करा, नळ्या तिथेच पोचल्या आहेत. आणि हे काम चालू असताना शेजारच्या सैपाकघरात चूल पेटवायची नाही. केरोसीन सुकेपर्यंत दोन दिवस तरी सैपाक अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.

वाफसा
सगळं बरोबर आहे, पण वेळ चुकली तर हे सगळं वाया जाईल. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पायापासून सुटते. मे महिन्यात घराभोवती हात जाईल एवढी फट दिसते. त्या भेगेत औषध ओतलं तर ते खाली निघून जातं, भिंतीला लागतच नाही. भर पावसाळ्यात जमीन चिबडलेली, ती औषध पीतच नाही. दिवाळीच्या आगेमागे जमीन वाफशावर असते: मूठभर माती दाबली तर गोळा होतो, सोडला तर फुटतो. चर तेव्हा घ्या. विहिरीची बाजू सोडून चरात परत काळी माती न भरता मुरूम भरा आणि त्यालाच थराथरानं औषध द्या. मुरूम भेगाळत नाही, पट्टा अखंड राहतो.

आणि दादा, मागच्या भिंतीला पऱ्हाट्या किंवा तुराट्यांची गंजी लावली असेल तर आधी ती हलवा. जमिनीला टेकलेली पऱ्हाटी म्हणजे उधळीचा कोठार, तिथून भिंत दोन बोटांवर. गंजी घरापासून दूर, खाली दगड घालून, जमिनीपासून वीतभर वर. न्हाणीचं सांडपाणीही भिंतीच्या मुळाशी मुरत असेल तर पाईप टाकून परसात न्या.

रानवाट
एक कळकळीची विनंती. उधळीसाठी कोठीखाली, बल्ल्यांवर फोरेटचे दाणे, म्हणजे थिमेट, टाकतात. फोरेटवर देशात बंदी आहे, आणि माणसं झोपतात तिथे ते फार घातक आहे. कुणाकडे जुनं पडलेलं असेल तर घरात आणू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, आपण ते पाहिलं आहे. उधळीचं औषध भिंतीत जातं म्हणून कमी विषारी होत नाही. नायट्राइलचे हातमोजे, बंद चप्पल, लांब बाह्या. कोठीतले गहू-तूर, माठ, पाण्याची भांडी आधी बाहेर. शेळ्या-वासरं दुसऱ्या दावणीला बांधा. औषधाची रिकामी बाटली निदान काम झाल्यावर आठवडाभर फेकू नका. कुणाला मळमळ, लाळ सुटणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं असं दिसलं तर ती बाटली घेऊनच दवाखान्यात जा. क्लोरपायरीफॉसवर ॲट्रोपीन देतात, पण डॉक्टरला औषध कोणतं ते कळलं पाहिजे.

दारव्हा_कडचा
गंजी मागच्या भिंतीलाच आहे, उद्या हलवतो. चौकटीचं काम आत्ता अन् चर दिवाळीनंतर, असं चालेल का?

वाफसा
चालेल. खोल्यांच्या आतली ड्रिलही आत्ता करून घ्या, फरशीखालची माती तेवढी भेगाळत नाही. ज्या भोकांतून औषध गेलंच नाही ती खडूनं खुणा करून ठेवा. जूनच्या पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाल्या उधळ्या येतील. त्या बाहेरून आल्या तर काळजी नाही, पण चौकटीतून किंवा फरशीच्या जोडातून निघाल्या तर त्या खुणांपाशी पुन्हा भोक मारा.