मदत हवी आहे : घरगुती चित्रफिती लहान करताना दर्जाचा आकडा किती ठेवावा?

शिरीषवन
नमस्कार. घरच्या जुन्या चित्रफिती हँडब्रेक या संगणक प्रणालीतून लहान करून चारही भावंडांना पेनड्राइव्हवर द्यायच्या आहेत आणि रविवारी सगळे घरी येणार असल्यामुळे हाताशी वेळ फारसा नाही. त्यातला दर्जाचा आकडा म्हणजे आरएफ (जितका कमी, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी). आरएफ २२ वर चित्र खराब आले, म्हणून १८ केले, मग १४ केले. फाइल फुगत गेली, खराबी मात्र जशीच्या तशी राहिली. कृपया नेमका आकडा सांगावा.

वैनतेय
आकडा सांगण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. या चित्रफिती मुळात कशावर होत्या, संगणकात कशा घेतल्या, आणि खराब म्हणजे नेमके काय दिसते? चौकोन दिसतात, चित्र धूसर होते, की रेघा उमटतात? आरएफ सहाने उतरवला की फाइल ढोबळमानाने दुप्पट होते. इतके करूनही फरक पडत नसेल, तर दोष त्या आकड्यात नसावा.

मृद्गंध
चित्रफीत दाबून लहान करण्याची एच २६५ ही नवी पद्धत वापरा, प्रश्नच मिटेल. मुलाच्या मुंजीची सगळी चित्रफीत मी त्यातच ठेवली आहे आणि जागा जवळजवळ निम्मी लागली. आरएफ २२ तसाच राहू द्या.

गारवा
मृद्गंध, जुन्या एच २६४ पद्धतीची फाइल बनवणारा एक्स २६४ आणि एच २६५ ची बनवणारा एक्स २६५ यांची मोजपट्टी एक नाही. पहिल्याचा मूळचा (आपण न बदलल्यास लागू होणारा) आकडा २३ असतो, तर दुसऱ्याचा २८. त्यामुळे "तोच आकडा राहू द्या" या सल्ल्याने फसगत होईल. शिवाय पेनड्राइव्ह चार घरांतल्या चार टीव्हींना लागणार आहे आणि जुने टीव्ही एच २६५ उघडतच नाहीत. इथे एच २६४ च योग्य.

मृद्गंध
आमचा टीव्ही सहा वर्षांचा आहे आणि तो उघडतो.

सागवान
टेपा कपाटात आडव्या रचल्या असतील, तर उभ्या ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आमच्याकडे रत्नागिरीला दोन पावसाळ्यांत पाच टेपांना बुरशी लागली आणि त्या कायमच्या गेल्या.

शिरीषवन
सागवान, आभार, टेपा सुकलेल्या आणि सुरक्षित आहेत. वैनतेय, हे लिहायला हवे होते. एकूण २२ मिनीडीव्ही (कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल) टेपा आहेत, १९९९ ते २००६ मधल्या. फायरवायर केबलने संगणकात उतरवून घेतल्या आहेत आणि दर तासाची फाइल सुमारे १३ जीबीची आहे. आजी जात्यावर दळते आहे असा एक प्रसंग आहे. ती दाणे वैरते तेव्हा हात स्वच्छ दिसतो, पण खुंटा धरून जाते फिरवू लागली की मनगटाच्या आणि बांगड्यांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटतात. हात थांबला की रेघाही जातात. मूळ चित्राला धक्का लागू नये म्हणून फिल्टर मी सगळे बंद ठेवले आहेत.

वैनतेय
मग दुखणे सापडले. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) असतात, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांची असते : एका भागात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोन्ही टिपण्यात १/५० सेकंदाचे अंतर. तेवढ्यात आजींचा हात पुढे सरकलेला असतो, म्हणून दोन्ही भाग एकत्र मांडले की कडा दातेरी होते. आरएफ १४ वर तुम्ही त्या दातेरी कडाच अधिक निगुतीने जपल्या, आणि अशा बारीक रेघांना जागाही भरपूर लागते. फिल्टरमध्ये डिइंटरलेस (हे अर्धे भाग सुटे करून पूर्ण चौकटी बनवणे) चालू करा, यादिफ ही पद्धत निवडून त्यात बॉब हा पर्याय ठेवा आणि चौकटींचा वेग ५० करा. दोन्ही अर्ध्या भागांपासून एकेक पूर्ण चौकट तयार होईल आणि जात्याची गती टेपेवर होती तितकीच सलग दिसेल. आकार ७२० बाय ५७६ च राहू द्या. मोठा केल्याने नसलेला तपशील येत नाही.

पाणवठा
मी तर ठरावीक २००० केबीपीएसवर (सेकंदाला इतके किलोबिट) दोन फेऱ्यांत करतो, आधी तपासणी आणि मग रूपांतर. फाइल केवढी होणार ते आधीच कळते आणि पेनड्राइव्हचा हिशेब चुकत नाही.

वैनतेय
एका फाइलच्या आत दोन फेऱ्यांमुळे वाटणी चांगली होते, हे खरे. पण स्थिर कॅमेऱ्याने टिपलेल्या पूजेच्या टेपेला आणि लेझीमच्या टेपेला तुम्ही सारखाच शिधा देता, त्यामुळे एकीकडे वाया जातो आणि दुसरीकडे पुरत नाही. आरएफमध्ये दर्जा धरून ठेवला जातो आणि जागा गरजेप्रमाणे लागते. या आकाराच्या चित्रासाठी १८ ते २२ हा पट्टा हँडब्रेकच सुचवतो. सर्वांत अवघड एक मिनिट निवडा, १८, २० आणि २२ असे तीन नमुने काढा आणि संगणकावर नव्हे, टीव्हीवर बघा. प्रीसेट, म्हणजे रूपांतराचा वेग, स्लो ठेवा.

गारवा
कमी उजेडातल्या प्रसंगांत दाणेदारपणा असेल, तर हलका डिनॉइज (दाणे पुसणारा फिल्टर) लावावा. फाइल बरीच उतरते.

मृद्गंध
यावर मात्र मी ठामपणे नाही म्हणेन. माझ्या आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्या फिल्टरने पुसल्या गेल्या आणि मूळ फाइल मी आधीच काढून टाकली होती.

शिरीषवन
तिन्ही नमुने टीव्हीवर पाहिले. रेघा पूर्ण गेल्या आहेत. २२ वर जात्याभोवती उडालेल्या पिठाची बारीक भुकटी एकजीव होते, २० वर जराशी दिसते, १८ वर कण न् कण दिसतो. १८ घेतले. एका मिनिटाला सुमारे ३५ एमबी, म्हणजे तासाला दोन जीबीच्या आसपास. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर २२ टेपा सहज बसतील. एच २६४ च ठेवले, कारण थोरल्या बहिणीचा टीव्ही जुना आहे. आवाज एएसी या पद्धतीने १६० केबीपीएसवर केला, ओव्या स्पष्ट ऐकू येतात. डिनॉइज लावणार नाही. जागा करण्यासाठी मूळ फाइली काढून टाकण्याचा विचार होता, पण मृद्गंध यांचा अनुभव वाचून तो सोडला. सगळ्या मिळून २८६ जीबीच आहेत. आज संध्याकाळी दुसरी हार्ड डिस्क आणतो.