उन्हाळ्याच्या सुट्टीत घोड्यांसोबत काम मिळेल का? माथेरान की रेसकोर्स?

डोंबिवलीकर_२१:
नमस्कार मंडळी, सेकंड इयरला आहे, परीक्षा एप्रिलमध्ये संपतेय, मग जूनपर्यंत मोकळाच. लहानपणी माथेरानला घोड्यावर बसलो तेव्हापासून डोक्यात किडा आहे की एक सीझन तरी घोड्यांसोबत काम करायचं. राहणं-जेवण सुटलं आणि वर थोडे हातात आले तरी बास. रायडिंगचा अनुभव म्हणाल तर बसून फोटो काढलाय एवढाच 😅 माथेरानला कोणी ठेवून घेईल का, की महालक्ष्मी रेसकोर्सला विचारू? घरी अजून बोललो नाहीये.

नेरळचा_पोरगा:
मामाचे दोन घोडे आहेत वर, म्हणून सांगतो. दस्तुरीच्या (माथेरानच्या वेशीवरचा नाका) पुढे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत, त्यावरच सगळ्यांचं पोट. कमाईचे महिने एप्रिल-मे, पाऊस लागला की नेरळहून येणारी मिनी ट्रेन पण बंद आणि धंदाही बसतो. आता ई-रिक्षा पण आल्यात, त्यामुळे जो तो आपल्या भाच्या-पुतण्यालाच धरतो. नवख्याच्या हातात गिऱ्हाईक बसलेला घोडा कोणी देणार नाही आणि देऊ पण नये, उतारावर लाल मातीत पाय सटकतो आणि वर कोणाचं तरी लेकरू असतं. तुला मिळालं तर पहाटेचं काम मिळेल. लीद काढणं, खरारा (ब्रशने अंग घासणं), खुरातले खडे काढणं, नाल ढिला झालाय का बघणं, पाणी. एक घोडा उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो, बादल्या कोण उचलणार ते तू ओळख. फोनवर काही होत नाही, मधल्या वारी सकाळी लवकर ये आणि समोर उभा राहा. बूट जुने घाल.

खोगीरवाली_पुणे:
रेसकोर्स डोक्यातून काढ. मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलैपासून, म्हणजे तुझी सुट्टी नेमकी मधे येते, आणि रेसचा लाखोंचा घोडा दोन महिन्यांच्या पोराकडे कोण देतंय. त्यापेक्षा रायडिंग स्कूलचे समर कॅम्प बघ, लहान मुलांचा घोडा दोरी धरून चालवायला माणसं लागतात. मी केलंय. एका ठिकाणी (नाव नको) 'काम कर, रायडिंग शिकवतो' म्हणाले आणि सहा आठवड्यांत मी तीनदा खोगिरावर बसले, बाकी नुसता झाडू. म्हणून किती तास, किती पैसे, शिकवणार कधी हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घे. एक गोष्ट मात्र तिथेच कळली, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना काही घोडे पोट फुगवून उभे राहतात, आपल्याला वाटतं घट्ट झालं. चार पावलं चालवायचं आणि परत आवळायचं. मी एकदा विसरले आणि खोगीर पोरासकट एका बाजूला फिरलं, पोरगं झेललं म्हणून वाचले.

गुरांचा_डॉक्टर:
जायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घे, लीद आणि तबेल्याची माती म्हणजे त्या जंतूंचं घरच. घोड्याजवळ जाताना त्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूने, आवाज देत जा, मागून नको. आणि घोडा सारखा वळून पोटाकडे बघतोय, पाय आपटतोय, लोळतोय असं दिसलं तर लगेच मालकाला उठव, रात्रीचे दोन वाजले असले तरी. घोड्याला उलटी होत नाही, त्याचं पोटदुखणं जिवावर बेतू शकतं, उगाच घरगुती काढे पाजत बसू नका.

डोंबिवलीकर_२१:
सगळ्यांना थँक्यू. बुधवारी जाऊन आलो. दस्तुरीला एका काकांनी काही न विचारता हातात खरारा दिला आणि स्वतः चहाला गेले, अर्ध्या तासाने आले, घोड्याच्या पोटाखालून हात फिरवला, धूळ दाखवली, म्हणाले परत कर. दुसऱ्यांदा करताना घोड्याने माझ्या पायावर पाय ठेवला, नख काळं पडलंय. पंधरा दिवस ट्रायल, जेवण-राहणं त्यांच्याकडे, पैशाचं त्यानंतर बघू म्हणाले. घरी पण सांगावं लागलं, कारण वास लपत नव्हता. आई बाकी काहीच बोलली नाही, कपडे बाहेरच काढ म्हणाली.