सांकव, रस्ता आणि पटावरची चार मुले : डोंगरवाड्यांचे अनुभव

सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण. गोव्याच्या या तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांवर लोकांनी आपल्या बळावर शाळेसाठी, वाटेसाठी, जमिनीसाठी काय केले, ते ज्यांनी केले त्यांनीच लिहावे म्हणून हे आवाहन. यशोगाथा नकोत, त्या वर्तमानपत्रात येतातच. फसलेलेही सांगा. सुरुवात मी करते.

निवृत्त शिक्षिका, वाळपई

माझी पहिली नेमणूक १९८७ साली म्हादई नदीपलीकडच्या एका वाड्यावर झाली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात वाड्यावाड्यांवर मराठी शाळा निघाल्या, त्यांतलीच ही एक. अजून देवळाच्या पडवीत भरत होती. मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. मिरगानंतर तो चढला की पलीकडची अकरा मुले घरीच.

म्हणून दर मे महिन्यात सांकव, म्हणजे लाकडी साकव, घालायचा. भेरलीमाडाचे दोन सोट आडवे टाकायचे, वेलींनी आवळायचे, धरायला एका बाजूने बांबू. घरटी एक माणूस. ज्याला जमणार नाही त्याने सगळ्यांची पेज करायची. विधवेच्या घराला माफी. हे सगळे शिगम्याच्या मांडावर, गाव जमतो त्या पवित्र जागीच, ठरायचे, आणि मांडावर दिलेला शब्द कुणी मोडल्याचे मला आठवत नाही. सांकव दिवाळीपर्यंत टिकायचा, मग मोडून जायचा. दरवर्षी नवा.

वर्गातली अडचण वेगळीच होती. पुस्तकात कुत्रा, मुलांचे सुणें. पुस्तकात पाणी, घरात उदक. पहिले सहा महिने मी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी कोकणी शब्द पुसायला लावले. ते जीपमध्ये बसल्यावर मी परत लिहिले.

पुढे लोकांनीच श्रमदानाने कच्चा रस्ता काढला. मीही दगड उचलले आहेत. वाटले, आता शिक्षक टिकतील, आजारी माणूस खाटल्यावरून न्यावा लागणार नाही. तसे झालेही. मग डांबर आले, बस आली आणि तिच्यामागून बालरथ, म्हणजे शाळेची बस, आला. १९९० पासून प्राथमिकला अनुदान होते ते कोकणी-मराठी शाळांना. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही मिळू लागले आणि ज्यांच्या बापांनी सांकव घातले त्यांची मुले सकाळी सात वाजता गळ्यात टाय बांधून बालरथात बसू लागली. बदल्या होत होत शेवटची तीन वर्षे मी पुन्हा त्याच शाळेत होते. पटावर चार मुले. रस्ता आम्हीच केला होता, तक्रार कुणाकडे करणार?

काणकोण, गावडोंगरीकडचा

बाईंचे वाचून वाईट वाटले. आमच्याकडे शिकलेली पोरे परत उपयोगी पडली, ते सांगतो. आम्ही वेळीप. २००३ साली अनुसूचित जमातीत आलो, पण त्याचे मोल २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा कळले. जमातीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची कसवण दाखवावी लागते. बाकीच्या रानवासीयांना त्याशिवाय तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीपुढे, मग जिल्ह्याच्या.

आमच्या म्हाताऱ्यांकडे कागद कुठला? कुमेरीची (डोंगरावरच्या फिरत्या शेतीची) जागा, आजोबांनी लावलेले काजू, देवाच्या राईची हद्द, सगळे तोंडी. कॉलेजात जाणाऱ्या आम्ही सहाजणांनी सुट्टीत एकेका म्हाताऱ्याबरोबर रान पालथे घातले, मोबाईलवर खुणा घेतल्या, जबान्या लिहून काढल्या. एका काकांनी सही करायला नकार दिला. म्हणाले, "कोरे पान दाखव आधी, खाली काही जागा सोडलेली नाही ना?" त्यांना पूर्वी भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, फसवले होते. आम्ही प्रत्येक पानाच्या तळाशी रेघ मारायला लागलो.

काहींना सनद मिळाली. माझ्या घरचा दावा अजून फायलीत आहे, शेवटच्या खेपेला सांगितले की नकाशाचा कागद हरवला. झेरॉक्स काढून ठेवली होती, ती दिली.

नेत्रावळीच्या वरच्या अंगाची एक आई

२०२० मध्ये शाळा मोबाईलवर आली आणि आमच्या वाड्यावर रेंज नाही. टेकडीच्या माथ्यावर दोन दांड्या यायच्या. बायकांनी मिळून तिथे झावळांचा माटव (मांडव) घातला, रोज दोघींची पाळी, कारण गव्यांची भीती. दहावीची मुलगी धाकट्यांचे पाढे घ्यायची. आषाढात माटव उडाला. परत घातला, परत उडाला. मग सोडून दिला.

सांगेकर

थोडे कडू बोलतो. शहरातल्या लोकांना श्रमदानाचे फोटो फार आवडतात. पणजीत व्हाळावरचा पूल नागरिकांनी मे महिन्याची रजा काढून बांधावा असे कुणी म्हणते का? माझी आई सांकवावरून घसरली, तेव्हापासून लंगडते. सांकवाची आठवण काढताना एवढे ध्यानात ठेवा.

निवृत्त शिक्षिका

तुमचे खरे आहे. मीही एकदा पडले होते. लिहायचे टाळले.

सत्तरीतलाच एक पालक

आमच्या पालक-शिक्षक संघाचा एक उद्योग सांगतो. गणेश चवथीच्या आधी आठ दिवस शाळेत माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती रानफळा-फुलांची चौकट) बांधायची आणि वाड्यावरच्या आज्यांना शिकवायला बोलवायचे. ज्यांनी कधी पाटी धरली नाही त्या खुर्चीवर, आणि गुरुजी मुलांबरोबर खाली. कांगणी, कवंडळ, हरणफुले, आंबाडे, तोरिंगण, नागकुड्याची जोडफळे. कुठल्या फळाला हात लावल्यावर तोंडाला लावायचा नाही, कुठले किती दिवस टिकते, कुठला वेल मुळासकट ओढायचा नाही. पुढे पंचायतीची जैवविविधता नोंदवही करायला माणसे आली, तेव्हा मुलांनी आपली वही पुढे केली. त्यातले किती उतरवून घेतले ते पाहायला मिळाले नाही.

ती शाळा मागच्या वर्षी शेजारच्या शाळेत विलीन झाली. कपाट रिकामे करताना वही मी घरी आणली. आजी एक-एक करून गेल्या. काही पानांवर फळाचे नुसते चित्र आहे, नाव लिहायचे राहून गेलेय. सतरा चित्रे आहेत अशी. उद्या फोटो टाकतो. कुणाच्या घरी जाणती माणसे असतील त्यांना दाखवा, म्हणजे चवथीआधी निदान थोडी नावे लिहून होतील.