ओहोटीत उन्हात लटकलेल्या गोगलगायी मेलेल्या होत्या का?

दांडिया बाजारची मावशी:
होळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन जामनगरजवळ नराऱ्याला गेले होते. कच्छच्या आखातातलं सागरी उद्यान, १९८२ पासूनचं, आपल्या देशातलं पहिलं. ओहोटीत गाईडबरोबर चालताना भर दुपारी एका उघड्या खडकावर तुरीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी दिसल्या. खडकाला हात लावला तर चटका बसला. प्रत्येक शंखाची फक्त कड टेकलेली, तीही वाळलेल्या डिंकासारख्या धाग्याने. भाचीने एक उचलून विचारलं, "मावशी, मेली का गं?" मला सांगता आलं नाही. वडोदऱ्याला परतल्यापासून मनातून जात नाही.

रावपुऱ्याचा वाचक:
शिंपले मिटतात तसंच असेल. आतलं पाणी पुरतं, भरती येईपर्यंत निवांत.

मांजलपूर, निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका:
निवांत मुळीच नाही हो! ताई, ती जिवंत असणार. ओला पाय तापल्या खडकाला टेकला तर उष्णताही शिरते आणि पाणीही जातं. म्हणून पाय आत ओढून, तोंडावरचं झाकण मिटून ती वाळलेल्या चिकट स्रावावर लटकते.

शिंपल्याचं तर ऐकाच. मिटल्यावर आतला ऑक्सिजन संपत येतो. मग तो जगण्याचा वेग अगदी मंद करतो आणि ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, ऑक्सिजनशिवाय वापरतो. त्यात सक्सिनेटसारखी आम्लं साठतात. त्यांचा आंबटपणा मारायला स्वतःच्याच कवचातला चुना विरघळवतो! भरती आली की उघडून कितीतरी वेळ जास्तीचा ऑक्सिजन घेत राहतो, ते देणं फेडायला. शिवाय उन्हाने पेशीतली प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी बिघडू लागतात. ती सावरायला हीट शॉक प्रथिनं बनवावी लागतात, त्यालाही ऊर्जा जाते.

दांडिया बाजारची मावशी:
आणि पावसाळ्यात मही नदीला पूर येऊन खाडीचं पाणी गोडं झालं तर?

मांजलपूर, निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका:
कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, त्याच्या उलट होतं. पाणी पेशीत शिरतं, पेशी फुगतात. कालवं आधी घट्ट मिटून घेतात. पूर लांबला तर पेशीतली टॉरिन, ग्लायसिनसारखी अमिनो आम्लं कमी करतात, म्हणजे पाणीही बाहेर पडतं.

भाचीने उचललेली गोगलगाय कुठे ठेवलीत?

दांडिया बाजारची मावशी:
गाईडने सावलीतल्या ओल्या फटीत ठेवायला लावली.

मांजलपूर, निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका:
बरं केलंत. धागा तुटला की तिला पाय बाहेर काढून पुन्हा चिकटावं लागतं. चटक्याच्या खडकावर तेवढ्यात फार पाणी गेलं असतं.