मदत हवी आहे: चिकट मातीत रोपं जगेनात, तितर-सशांसाठी काय लावू?

उजाड_तुकडा (ता. केज)
दीड एकर तुकडा आहे, त्यातून उत्पन्न नको. लहानपणी तिथं पहाटे तितर ओरडायचे, बांधाकडेला सशाच्या लेंड्या दिसायच्या. आता चिमणीसुद्धा बसत नाही. गेल्या जूनमध्ये २०० रोपं लावली, ३१ उरली. टँकरनं पाणी घातलं तरी गेली. मृग तोंडावर आलाय. कोणती झाडं लावू, फक्त नावं सांगा.

बालाघाटी
नुसत्या नावांनी काय होणार? रोपं कोणती होती? खड्डे कशानं घेतले? पावसात पाणी साचतं का? शेळ्या येतात का?

बागवाला_लातूर
सीताफळ लावा, बालानगर. पाणी कमी लागतं, बाजारही आहे. छाटणी वेळेवर करा.

उजाड_तुकडा
बागवाला, बाग नकोच आहे हो. रोपं कडुलिंब, करंज, गुलमोहर. खड्डे मशीननं, दोन फुटी. पाणी साचतं, मग एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. शेळ्या येतात, गावच्याच आहेत, कुणाला काय म्हणणार?

रानोमाळ
वेडी बाभूळ टाका आणि विसरा. कसल्याही जमिनीत येते.

गवताळ_परभणी
कृपा करून टाकू नका. एकदा शिरली की खाली गवत राहत नाही, आणि तितराला गवतच लागतं. आमच्या गायरानाचं काय झालं ते रोज बघतोय.

रानोमाळ
आमच्याकडे तिच्याच जाळीत ससे आहेत. उघड्या मातीपेक्षा काटे बरे.

गवताळ_परभणी
मग गावठी बाभूळ, हिवर, बोर लावा की. काटे तिथंही आहेत. बरं धागाकर्ते, काळी जमीन मुळात एवढी वांझ नसते. तिथं आधी काही झालंय का?

उजाड_तुकडा
तीन वर्षांपूर्वी शेजारी शेततळं खोदलं. जेसीबीनं निघालेला सगळा मलमा त्याच तुकड्यावर पसरला. खालची पिवळट, चुनखडीची माती वर आली. त्याचा संबंध असेल असं वाटलं नाही.

बालाघाटी
सगळा संबंध तोच आहे. जिवंत काळी माती गाडली गेली आणि वर जी आली तिच्यात सेंद्रिय काही नाही. त्यावर यंत्रं फिरली, ती दाबली गेली. एक मेलेलं रोप उपटून मूळ बघा.

उजाड_तुकडा
आत्ताच करंज उपटलं. मूळ खड्ड्याच्या आत गोल गोल फिरलंय, बाहेर एक तंतू नाही. खालचं टोक काळं पडून कुजलंय, वास येतो. खड्ड्याची भिंत मडक्याच्या आतल्या अंगासारखी गुळगुळीत आहे.

बालाघाटी
मशीननं ओल्या चिकणमातीला आतून घोटा मारलाय. पावसाळ्यात त्यात तळं होतं, मूळ गुदमरतं, उन्हाळ्यात भेगा मुळं तोडतात. तुमचं पाणी घालणं वाया गेलं याचं मलाही वाईट वाटलं. या वर्षी खड्डे घेऊच नका. उताराला आडवे, फूट-दीड फूट उंच वरंबे ओढा आणि त्यावर बी टोका. बी जागेवर रुजलं की सोटमूळ वाकत नाही. बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यात मिळेल, पोटातून गेलेलं बी चांगलं उगवतं. नाहीतर गरम पाण्यात रात्रभर भिजवा.

काळीआई
आधी जिप्सम टाका, बाकी नंतर.

गवताळ_परभणी
जमीन चोपण, म्हणजे सोडियमच्या क्षारानं बिघडलेली असेल तरच, उगाच खर्च कशाला? बाटलीत साधं पाणी घ्या, मातीचं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. पाणी सकाळपर्यंत गढूळच राहिलं तर चोपणाची शंका घ्या आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या प्रयोगशाळेत माती तपासा. सामू (pH) ८.५ च्या वर निघाला तर जिप्सम अहवालाप्रमाणे. यंदा अर्ध्या एकरावर ढैंचा हे हिरवळीचं खत पेरा, १० किलो पुरतो, साचलेलं पाणी आणि चोपण दोन्ही सोसतो. फुलावर आला की मातीत गाडा. उरलेल्या जागेत मारवेल गवताचे ठोंब लावा. कडेनं तरवड, त्याला शेळी तोंड लावत नाही. आणि गुलमोहर परत नको, तो मादागास्करचा, आपल्या पाखरांना त्याचा फारसा उपयोग नाही.

बांधावरचा
तुम्ही जंगल करा, रानडुकरं मात्र आमच्या मक्यात. दोन रात्री राखण करून डोळे लाल झालेत. याचा विचार कोण करणार?

बालाघाटी
राग बरोबर आहे. पण गवत आणि विरळ झुडपं ठेवली तर डुकराला दडायला दाट जाळी मिळत नाही. वेडी बाभूळ नको म्हणतोय ते त्यासाठीही. शेळ्यांसाठी बोराटीच्या फांद्यांचं कुंपण दोन पावसाळे तरी ठेवा. मध्ये चार-पाच वाळक्या फांद्या उभ्या रोवा, बुलबुल बसतील आणि बोराचं बी स्वतःच टाकतील.

उजाड_तुकडा
बाटली रात्री ठेवली होती. पहाटे पाहिलं, ढेकूळ विरघळून गेलंय आणि पाणी अजून ताकासारखं. माती पिशवीत भरली, आज परभणीला देतो. अहवाल येईल तेव्हा येईल, ढैंचा आणि वरंबे याच आठवड्यात करतो. मारवेलाचे ठोंब केजच्या आसपास कुणाकडे मिळतील?

गवताळ_परभणी
माझ्या बांधावर आहेत. पहिला पाऊस झाला की गोणी घेऊन या, ओलीतच निघतात.

बागवाला_लातूर
कडेला चार सीताफळं तरी लावा हो.