मत्स्यजिऱ्यात कटला किती, रोहू किती, कसं ओळखायचं?

प्रश्न (झाडीपट्टी, गोंदिया): आमच्या संस्थेकडे मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या काळातला) ठेक्याने आहे. कटला, रोहू, मृगळ मिसळलेलं जिरं (माशांची अगदी बारीक पिल्लं) संगोपन तळ्यात सोडलं होतं, आता पिल्लं इंचभर झाली. मोठ्या तलावात टाकायच्या आधी कटला खरंच किती आला ते समजायला पाहिजे. काही जण जिरं आणतात त्या पिशवीतच ओळखतो म्हणतात. जमतं का?

धिवर_भंडारा: पिशवीत नाही जमत, भाऊ. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम ५ मिमीचं, पहिले तीन दिवस पोटाच्या पिवळ्या पिशवीवर जगतं. ६-८ मिमीचं जिरंही पारदर्शकच. तेव्हा तिन्ही जाती डोळ्यांना सारख्याच दिसतात. २५ मिमीला मात्र खुणा उमटतात, म्हणजे तुमची वेळ बरोबर आहे.

शेपटीचं बूड पाहा. मृगळाला तिथे पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा काळा ठिपका असतो, अंग सडपातळ, ओठ पातळ. रोहूला त्याच जागी आडवा गडद पट्टा, आणि ओठाला झालर. कटल्याला डाग नाही. डोकं मोठं, कल्ल्याजवळ लालसर झाक. एका खुणेवर निकाल देऊ नका, डोकं, ओठ आणि डाग तिन्ही जुळले पाहिजेत.

नमुना सकाळी ऊन चढायच्या आधी घ्या. जाळ्याची खालची दोरी तळाला घासत गेली पाहिजे, नाहीतर तळाशी दबलेला मृगळ निसटतो आणि कटला आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. दोन-तीन ठिकाणचे मिळून शंभर मोजा. पांढऱ्या ताटात थोड्या पाण्यात पाचपाच घ्या आणि लगेच पाहा. तिथे जास्त वेळ राहिली की पिल्लं फिकी पडतात, डाग पुसट होतो. गढूळ तळ्यातल्या पिल्लांचंही तेच.

प्रश्नकर्ता: डोकं मोठं, पण ओठाला झालरही आहे, अशी काही दिसली. ती कुठे धरू?

मत्स्यशास्त्र_नागपूर: ती संकर असू शकतात. एकाच हौदात दोन जातींची वीण एकत्र झाली की असं होतं. वेगळ्या रकान्यात लिहा, कटल्यात मोजू नका. मेलेलं पिल्लू भिंगाखाली धरून पाठीच्या पराच्या (पंखाच्या) फाटा फुटलेल्या काड्या मोजा: कटल्याला १४-१६, रोहू-मृगळाला १२-१३. पाठीचा पर लांबच लांब आणि मिशांच्या दोन जोड्या दिसल्या तर तो सायप्रिनस (कॉमन कार्प). नमुने ठेवायचे असतील तर बाजारातलं फॉर्मालिन ५ मिली, पाणी ९५ मिली. हातमोजे घालून, उघड्यावर.

धिवर_भंडारा: आणि जंगली बारीक मासे निघाले तर पुढच्या हंगामात तळं आधी साफ करा. मीटरभर पाण्याला हेक्टरी २५०० किलो मोहाची पेंड, म्हणजे १० गुंठ्यांना साधारण २५० किलो. पेंडीचं विष उतरायला १५-२० दिवस लागतात, त्याआधी जिरं सोडलं तर तेच मरतं.