तालुक्याच्या विकीला कुलूप हवं की नको?

शाईपेन: "खातं नसलेल्याला आपल्या तालुक्याच्या विकीवर लिहूच देऊ नका," हे काल इथे वाचलं आणि राहवलं नाही. विकी म्हणजे वाचणाऱ्यालाच लिहिता-बदलता येणारी साइट ना? न्यूपीडिया या ऑनलाइन ज्ञानकोशाने २००० साली असंच कुंपण घातलं. तज्ज्ञांची ७ टप्प्यांची तपासणी लावली आणि २००३ मध्ये गाशा गुंडाळला तेव्हा जेमतेम दोन डझन लेख पूर्ण होते. त्याच मंडळींनी २००१ मध्ये विकिपीडिया सगळ्यांना खुला केला, तो फोफावला. आपल्याकडे लिहिणारे मूठभर, त्यात हे कुंपण?

माळरान: ते मीच लिहिलं होतं. तज्ज्ञ कोण मागतंय? फक्त खातं उघडा. पोर्तुगीज विकिपीडियाने २०२० पासून लेखांसाठी हेच केलंय. निवडणूक आली की उमेदवाराच्या पानावर 'धडाडीचे कार्यसम्राट' चढतं. मी काढतो, संध्याकाळी परत हजर. लिहिणारा कोण? नुसता आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक. निस्तरायचं मी!

शाईपेन: कार्यकर्त्याला खातं उघडायला कितीसा वेळ लागतो?

माळरान: म्हणून नुसतं खातं पुरत नाही. इंग्रजी विकिपीडियावर अर्धसंरक्षित पानाला हात लावायला खातं ४ दिवस जुनं आणि १० संपादनं झालेली लागतात. घाईतला प्रचारक तिथेच गळतो.

गावकूस: उमेदवार राहू द्या, गावांच्या पानांचं काय? हवामान, लोकजीवन, नागरी सुविधा... शेजारच्या गावाचा मजकूर उचलून फक्त नाव बदललंय. आणि हे खातेवाल्यांनीच केलंय.

माळरान: कोणीतरी खपून पान केलं म्हणून तुमचं गाव दिसतं तरी. बसल्या जागी नावं ठेवू नका.

गावकूस: बसल्या जागी? माझ्या वडिलांनी खातं न उघडता जत्रेची अख्खी माहिती लिहिली. पालखी कोणत्या वाड्यातून निघते, पहिला मान कोणाचा, सगळं. 'संदर्भ नाही' म्हणून लगेच उडवली. त्यांनी परत हात लावला नाही. रिकाम्या पानावर लिहिणाऱ्याला हाकलून तुम्ही काय राखताय?

रेघोटी: संदर्भ मागण्यात चूक काय? २००५ मध्ये पत्रकार जॉन सीगेन्थालर यांना केनेडींच्या खुनाशी जोडणारा खोटा मजकूर विकिपीडियावर चार महिने तसाच होता. जर्मन पद्धत घ्या. २००८ पासून तिथे नवख्याचा बदल अनुभवी संपादकाने पाहिल्यावरच वाचकाला दिसतो.

शाईपेन: जर्मनांकडे तपासायला माणसं आहेत. आपल्याकडे रांग लागेल आणि बघणारा एकटा माळरान. उमेदवारांच्या पानांना कुलूप लावा, तेवढं मान्य. गावांना नको.

माळरान: एवढं कबूल केलंत, पुष्कळ झालं. पण कुलूप आचारसंहितेच्या आधी लागलं पाहिजे. गावकूसताई, वडिलांचा मजकूर इथे टाका. जत्रेची जुनी बातमी सापडली तर जोडून मीच चढवतो.

गावकूस: टाकते. पण बातमी सापडली नाही म्हणून वगळलात, तर पुन्हा भांडणार.